दोन नावांचा क्लब

लग्न होऊन मी राहात्याहून भिंगारला आले, तोवर फुटबॉल मी फक्त आमच्या शाळेच्या कपाटात पाहिला होता, तोही हवा गेलेला. माहेरी पेरूची बाग. आमचा रविवार पेरू उतरवण्यात नाहीतर पाहुण्यांत जायचा. भिंगारमध्ये रविवारी मॅच असते, हे मला लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी कळलं. आमचे हे लष्कराच्या वर्कशॉपमध्ये सिव्हिलियन मेकॅनिक होते आणि क्लबाचे गोलकीपर. त्यांना नावानं कोणी हाक मारत नसे. भाजीवाल्यापासून वर्कशॉपच्या साहेबापर्यंत सगळे 'कीपर' म्हणायचे. सासूबाईसुद्धा चिडल्या की म्हणायच्या, "कीपर, जेवायला येतोस की ताट झाकून ठेवू?"

क्लब माझ्या सासऱ्यांच्या पिढीतल्या सिव्हिलियन नोकरांनी काढलेला. पलटणीतल्या जवानांचा खेळ बघून बघून ते शिकले. जवानांनी टाकून दिलेले बूट पुढं कापूस कोंबून घालायचे. त्यात मराठे होते, बौद्ध होते, मुसलमान होते, एक दोन ख्रिस्ती घरं होती. बाजारात एकमेकांशी न बोलणारी माणसं मैदानावर एकमेकांना पास द्यायची, असं सासरे सांगायचे, आणि मग हसून म्हणायचे, "न देऊन करतो काय? हरलो असतो ना!"

मी पहिली मॅच बघायला गेले ती सासूबाईंच्या नकळत, शेजारच्या बाईला सोबत घेऊन. शहरातल्या क्लबाशी मॅच होती. शहर आणि भिंगार यांच्यामध्ये अंतर असं काही नाही, रिक्षानं गेलं तर गप्पा संपायच्या आत माणूस पोचतो. पण त्या दोन क्लबांमधलं वैर मात्र जुनं. एकदा त्यांनी आम्हाला हरवलं तेव्हा बँड लावून आमच्या वेशीपर्यंत मिरवणूक आणली होती. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी फक्त गोलसमोर उभ्या असलेल्या माझ्या नवऱ्याकडं बघत होते. हाफ टाइमच्या आधी त्यांचा एक फॉरवर्ड धावत आला, हे चेंडूवर झेपावले आणि त्याचा बूट ह्यांच्या तोंडावर बसला. रक्त दिसलं. पुढचं मला नीट आठवत नाही. मी पदर खोचला आणि धावत थेट मैदानात शिरले. मागं शिट्टी वाजतेय, लोक ओरडतायत, मला काही ऐकू येईना. ह्यांच्या तोंडाला पदर लावला. हे खालून म्हणाले, "अगं, बाहेर जा. फाऊल देईल तो."

ओठाला टाके पडले. फाऊल मिळाला तो आम्हाला. पण पुढं कितीतरी वर्षं भिंगारच्या बाजारात मला बघून पोरं शिट्टी वाजवायची.

त्यानंतर मात्र मी कधी मॅच चुकवली नाही. घरी शिलाई मशीन होतं. क्लबाच्या मरून जर्सींवर पांढऱ्या कापडाचे आकडे कापून बसवायचं काम माझ्याकडं आलं. मॅचनंतर जर्सी धुवायला माझ्याकडं यायच्या. दोरीवर अकरा जर्सी वाळत घातल्या की सासूबाई म्हणायच्या, "बाई, केवढं मोठं कुटुंब झालं तुझं."

ह्यांचे जिवलग मित्र म्हणजे क्लबाचे कॅप्टन. त्यांनाही आम्ही कॅप्टनच म्हणायचो. गोलसमोर हे आणि ह्यांच्यासमोर ते, स्टॉपरला, म्हणजे बचावाच्या मधोमध. उंचेपुरे, बोलणं कमी, आवाज मोठा. खेळणं थांबल्यावर त्यांनी पोरं शिकवायला घेतली. नोकरीवरून सुटले की सायकल थेट मैदानावर. भिंगारमध्ये आज चाळिशीच्या आत बाहेर असलेला कुठलाही फुटबॉलवाला घ्या, त्याच्या कानाला कॅप्टनची बोटं लागलेली असणारच.

निवृत्तीनंतर थोड्याच वर्षांत हे गेले. झोपेतच, काही न सांगता. तिरडीला खांदा द्यायला क्लबाची पोरं मरून जर्सी घालून आली होती. तसं यायला कोणी सांगितलं, मला माहीत नाही. मग मी घरात बसले. मशीनवर कापड टाकलेलं तसंच. मुलगा पुण्याला, तो म्हणायचा तिकडं ये. मी जातही नव्हते आणि इथं काही करतही नव्हते. एका शनिवारी संध्याकाळी कॅप्टन आले. दारातच उभे राहिले, चप्पलही काढली नाही.

"वहिनी, उद्या मॅच आहे."

"मी काय करू येऊन, भाऊजी?"

"करायचं काही नाही. बसायचं. तुमची जागा रिकामी दिसती, पोरांचं लक्ष जातं तिकडं."

एवढं बोलून गेले. दुसऱ्या दिवशी मी गेले. तेव्हापासून पुन्हा सुरू झालं माझं. हे सगळं आधी सांगतेय, कारण पुढं जे झालं त्यात मला याच माणसाच्या विरोधात बोलावं लागलं.

काळजी एकदम नाही आली. हळूहळू आली, भिंतीत ओल यावी तशी. आधी बघणारे कमी झाले. मग सरावाला येणारे कमी झाले. पोरं सुप्याच्या एमआयडीसीत लागली, तिथली सुट्टी रविवारी मिळेलच असं नाही. कोणी चाकणला गेलं. दोन चांगली पोरं भरती होऊन लष्करात गेली, त्याचा आनंदच, पण आमचा मधला भाग रिकामा झाला. बाकीची पोरं हायवेच्या कडेला टर्फ झाले आहेत ना, जाळ्या लावून, दिवे लावून, तिकडं जायला लागली. तिथं पाच पाच जण खेळतात, मोबाईलवर शूटिंग करतात, घरी जातात. त्याला हरकत काय? पण त्याला क्लब लागत नाही. कॅप्टन लागत नाही.

मी मुलाला फोनवर सांगायचे. तो परदेशातल्या एका क्लबाचा भक्त, टीव्हीसमोर जर्सी घालून बसतो. तो म्हणाला, "आई, तिकडंही असंच चाललंय. आमचा क्लब कोणत्या तरी बाहेरच्या शेठनं विकत घेतला. आम्ही बघतोच की."

मी म्हटलं, "तुझ्या क्लबाच्या पोरांना तू कधी हाफ टाइमला लिंबूपाणी दिलंयस का?"

तो हसला. मग म्हणाला, "नाही. खरंय तुझं."

गेल्या उन्हाळ्याच्या आधीची गोष्ट. लीगची मॅच होती, आमच्याच मैदानावर. मी माझ्या नेहमीच्या कट्ट्यावर बसले होते. समोर डोंगरावर चांदबीबीचा महाल उन्हात पांढरा पडलेला, लांबून रणगाड्यांच्या सरावाचा धडधडाट येत होता. मॅचची वेळ झाली, तरी आमची आठच पोरं. कॅप्टन फोन लावत होते. एकाची शिफ्ट बदललेली, एकाच्या घरी साखरपुडा, एकानं फोनच उचलला नाही. रेफ्री म्हणाला, "आठ चालतात. सुरू करू." सुरू झालं.

आठ जणांनी अकरांशी खेळायचं म्हणजे काय, ते मी त्या दिवशी पाहिलं. पोरं जीव तोडून धावत होती. पहिला गोल झाला, दुसरा झाला. हाफ टाइमला एकाच्या पायात गोळे आले, तो उठेना. आता सातच. आणखी एक कमी झाला की मॅच संपली.

तेवढ्यात मी पाहिलं, कॅप्टन कडेला खाली बसलेत आणि पँटचे पाय मोज्यात खोचतायत. कोणाचे तरी बूट मागून घेतले होते. सत्तरीला टेकलेला माणूस, उजवा गुडघा दुमडत नाही. ते उठले, लाइनवर जाऊन उभे राहिले आणि हात वर केला, जसा बदली खेळाडू करतो. रेफ्री तरुण होता, कॅप्टनकडंच शिकलेला. तो जवळ आला आणि हळूच म्हणाला, "सर, तुमचं नाव टीममध्ये दिलेलं नाही. मला घेता येणार नाही."

"अरे, मी नुसता उभा राहतो."

"सर, प्लीज."

कॅप्टन तसेच उभे राहिले. मग मागं सरले आणि बूट काढायला बसले. लेस सुटेना. मी कट्ट्यावरून उठले, पण गेले नाही. काही वेळा माणसाजवळ न जाणंच बरं असतं. मॅच आम्ही किती गोलांनी हरलो ते सांगण्यात अर्थ नाही. पोरांनी शेवटची शिट्टी होईपर्यंत पाय ओढले, एवढं सांगते.

त्यानंतर आठवडाभरात शहरातल्या क्लबाकडून निरोप आला. त्यांच्याकडं पोरं होती, प्रशिक्षक होता, पण मागच्या हंगामात ते लीगच्या वरच्या गटातून खाली घसरले होते. आमच्याकडं वरच्या गटातली जागा होती, पोरं नव्हती. ते म्हणत होते, दोन्ही क्लब एक करू. नाव दोघांचं, आधी त्यांचं मग आमचं. जर्सी त्यांची, पिवळी काळी. मॅच शहरातल्या मैदानावर, सराव दोन्हीकडं. आमची जेवढी पोरं चांगली तेवढी संघात घेऊ.

भिंगारमध्ये बातमी फुटली तशी गल्लीगल्लीत चर्चा. ज्यांनी दहा वर्षांत मैदानाकडं पाहिलं नव्हतं, ते सगळ्यात जास्त चिडले. "वेशीवर बँड आणणाऱ्यांच्या हातात क्लब देणार?" कॅप्टनना विचारायचीही गरज नव्हती. ते एवढंच म्हणाले, "मी असेपर्यंत नाही."

एके सकाळी आमचा आत्ताचा कीपर माझ्याकडं आला. खेडेगावातला पोरगा, दुधाचा टेम्पो चालवतो, भिंगारला दूध टाकून मग सरावाला येतो. टेम्पो दाराशी उभा करून आत आला, पाणी प्यायला आणि बसून राहिला.

"काकू, एक इचारायचं हाय."

"विचार ना."

"त्या क्लबवाल्यांनी मला बोलवलंय. क्लब एक झाला न्हाई तरी ये म्हन्तेत." त्यानं मान खाली घातली. "मला खेळायचंय, काकू. अजून चार सा वर्सं हायेत माझी. पन कॅप्टनसायबांना कसं सांगू? त्यांनीच शिकवलं. मी सोडून गेलो तर त्यांचं काय हुईल?"

"तू एकटाच का?"

"न्हाई. अजून तिघं हायेत. कोनीच बोलंना. समदे मला म्हन्ले, काकूंना सांग."

तो गेला आणि माझ्या लक्षात आलं. कॅप्टन जे वाचवायला बघत होते, ते आतून आधीच निघालं होतं. फक्त पोरांना ते त्यांच्या तोंडावर सांगवत नव्हतं. त्यांच्यावरच्या मायेपोटी सगळे गप्प होते, आणि त्या गप्प बसण्यात क्लब संपणार होता.

बैठक तालमीत झाली. सतरंजी, भिंतीला टेकवलेल्या खुर्च्या, जुने ग्रुप फोटो. एका फोटोत हे आणि कॅप्टन शेजारी शेजारी, गुडघ्यावर बसलेले. बायकांमध्ये मी एकटीच. कोणी मला बोलावलं नव्हतं, पण कोणी अडवलंही नाही. बोलणाऱ्यांची गर्दी झाली. इतिहास सांगून झाला, अपमान सांगून झाले. कॅप्टन शेवटी उभे राहिले.

"मला जास्त बोलता येत नाही. आपल्या बापांनी फाटक्या बुटांत हे नाव उभं केलं. ते दुसऱ्याच्या नावामागं शेपटासारखं लावायचं असेल तर त्यापेक्षा क्लब बंद करा. मानानं बंद करा."

टाळ्या वाजल्या. टेम्पोवाला पोरगा दाराजवळ उभा होता, त्यानं टाळी वाजवली नाही. माझ्याकडं पाहिलं. मी उभी राहिले. 

"मला बोलायचंय."

सगळे वळले.

"नाव मोठं आहे, भाऊजी म्हणतात ते मला पटतं. माझं अर्धं आयुष्य त्या नावाचे कपडे धुण्यात गेलंय. पण त्या मॅचला सातच पोरं उरली होती. ती आपल्या अंगणातली आहेत, आणि त्यांना खेळायचंय. आपण मानानं बंद करू, आणि ती पोरं चोरासारखी एकेक करून तिकडं जातील. त्यांना तोंड लपवून जायला लावू नका. जायचंच असेल तर आपण सगळे मिळून जाऊ."

 कॅप्टन माझ्याकडं बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, असता तर बरं झालं असतं.

"वहिनी," ते म्हणाले, "कीपर असता तर हे बोलला असता का?"

हा प्रश्न येणार, हे मला घरातून निघतानाच ठाऊक होतं. 

"माहीत नाही, भाऊजी. ते नाहीत. म्हणून मला बोलावं लागतंय."

हात वर करायला सांगितलं तेव्हा आधी खेळणाऱ्या पोरांचे हात वर गेले, एकेक करून, कचरत. मग त्यांच्या बापांचे. एक होण्याच्या बाजूनं जास्त हात झाले. कॅप्टननी आपली खुर्ची दुमडली, भिंतीला नीट टेकवून ठेवली आणि बाहेर पडले. मी मागं गेले तर ते वळलेही नाहीत. एरवी अंधार पडला की मला घरापर्यंत सोडणारा माणूस.

नव्या क्लबाची पहिली मॅच शहरातल्या मैदानावर होती. मी जावं की नाही, ते सकाळपासून ठरेना. शेवटी रिक्षा केली. आमच्याकडं नुसता कट्टा, तिथं प्रेक्षकांसाठी पायऱ्या होत्या. सगळीकडं पिवळी काळी जर्सी. आकडे मशीननं छापलेले, मोठे, छान. मी कोपऱ्यात उभी राहिले. माझ्याच वयाचे एक गृहस्थ सरकले आणि म्हणाले, "या ताई, बसा. तुम्ही भिंगारच्या ना?"

"हो."

ते माझ्याकडं निरखून बघत होते. "रागावू नका, पण विचारतो. तुम्हीच ना त्या? नवऱ्याला लागलं म्हणून मैदानात धावत आलेल्या?"

मी ओशाळून मान हलवली.

"तो बूट माझा होता," ते म्हणाले. "मुद्दाम नव्हता लागला. मी दुसऱ्या दिवशी माफी मागायला भिंगारला यायला निघालो होतो. आमच्या कॅप्टननं अडवलं, म्हणाला, त्यांच्या वेशीत पाऊल टाकायचं नाही." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "कीपर कसे आहेत?"

मी सांगितलं. त्यांनी शेजारची पायरी रुमालानं झटकली. मग मॅच संपेपर्यंत आम्ही दोघं शेजारी बसलो. भिंगारची चार पोरं मैदानात होती, दोन बाहेर बाकावर. गोलमध्ये आमचा टेम्पोवाला. त्यानं एक चेंडू असा अडवला की शेजारचे गृहस्थ उठून उभे राहिले. मलाही उभं राहावंसं वाटलं, पण टाळी वाजेना. आपलं पोर दुसऱ्याच्या घरी जेवताना बघावं तसं काहीसं होतं ते. पोट भरतंय याचं बरं वाटतं, आणि तरी घास आपल्याला लागत नाही.

मॅच आम्ही जिंकलो. 'आम्ही' म्हणताना अजून जीभ अडखळते.

परतताना रिक्षावाल्याला मी माझ्या घराऐवजी कॅप्टनच्या घराकडं वळवायला सांगितलं. ते व्हरांड्यात पेपर धरून बसले होते. मला बघून पेपर वर केला. त्यांच्या बायकोनं, वहिनींनी, मला आत बोलावलं, चहा टाकला. मी मोठ्यानं, वहिनींना सांगतेय असं दाखवत, सगळी मॅच सांगितली. गोल कोणी केला, पोरं कशी पळाली. बाहेर पेपरचा आवाज थांबला होता. मी निघाले तेव्हा ते काही बोलले नाहीत.

पुढच्या रविवारी पुन्हा गेले. त्याच्या पुढच्याही. वहिनी आधीच कप काढून ठेवायला लागल्या. नंतर नंतर मी आत न जाता व्हरांड्यातल्याच दुसऱ्या खुर्चीवर बसायला लागले. ते पेपर वाचत राहायचे, मी सांगत राहायचे. पावसाळा असा गेला.

क्लबाचं पुढं काय होईल, मला माहीत नाही. आता ऐकते की भिंगारमधला सराव बंद करून सगळं शहरातच करायचं चाललंय. पोरांना जायला यायला त्रास होतो, दोन मैदानं सांभाळणं जमत नाही, असं ते म्हणतात, आणि त्यात खोटं काही नाही. पण सराव गेला की इथली लहान पोरं चेंडूमागं कशी लागणार? आज संघात चार आहेत, उद्या दोन होतील, मग नावाचा मागचा अर्धा भाग कोणी उच्चारणार नाही. कॅप्टन म्हणत होते तेच होईल, फक्त उशिरा होईल. हे मनात आलं की मला त्या तालमीतले हात दिसतात आणि मी स्वतःला विचारते, बरोबर केलं का? उत्तर रोज वेगळं येतं. टेम्पो दाराशी थांबतो, पोरगा कालच्या सरावाचं सांगतो, त्या दिवशी बरोबर वाटतं. आमच्या मैदानावरून जाताना गोलपोस्टला कोणी म्हशी बांधलेल्या दिसतात, त्या दिवशी वाटत नाही.

गेल्या रविवारी आम्ही हरलो. कॉर्नरवरून गोल बसला. मी व्हरांड्यात बसून ते सांगत होते, की चेंडू पहिल्या खांबाजवळ आला आणि आपला टेम्पोवाला पुढं जाऊन चुकला.

पेपर खाली आला.

"पुढं गेला कशाला?" कॅप्टन म्हणाले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. "हजारदा सांगितलं त्याला. पहिल्या खांबाला बॅक ठेवायचा आणि आपण जागेवर थांबायचं. घाई नडती त्याला."

 वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या.

"त्याला म्हणावं, दूध टाकून झालं की येऊन भेट," ते म्हणाले. "पुढची मॅच कधी आहे?"

"रविवारीच. शहरात."

ते गुडघ्यावरून हात फिरवत बसले. "मग काही जमायचं नाही मला. त्या पायऱ्या चढवत नाहीत."

त्या पायऱ्यांवर ते कधीच गेले नव्हते.  वहिनींनी माझ्या हातातला रिकामा कप घेतला, आणि मी कॅप्टनना सेकंड हाफचं सांगायला लागले.